'कॉर्ड' : नावाचा शोध आणि लेखनभेद

स्टॉइका प्रभृती पाच संशोधकांनी २००१ साली मांडलेली 'कॉर्ड' ही रचना मध्यवर्ती सूचीवाचून संगणकजालातील माहितीचा ठाव लावते. 'हॅश' प्रक्रियेने नावापासून द्विमान पद्धतीची १६० अंकांची संख्या काढतात. संगणकांनाही तशाच संख्या देऊन त्यांचे वर्तुळ कल्पितात. नामसंख्येच्या लगत पुढचा संगणक त्या माहितीचा धनी. प्रत्येकास थोड्याच इतरांची ओळख असते, पण ती दुप्पट-दुप्पट अंतरांवरची. म्हणून हजारभर संगणकांत सरासरी पाचएक टप्प्यांत शोध संपतो. ही काटकसर विलक्षण होय.

परंतु तिचे मोल भाषेस द्यावे लागते. शब्दकोश 'नांव' पाहणाऱ्यास 'नाव'कडे पाठवू शकतो. येथे दोहोंच्या संख्यांत कसलेच नाते उरत नाही. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या ग्रंथाची नोंद जुन्या लेखनानुसार असल्यास नव्या लेखनाने शोधणारा भलत्याच संगणकाशी पोचतो, आणि ग्रंथ असूनही 'नाही' असे उत्तर येते. 'सोलापूर' व इंग्रजी अमदानीतील 'शोलापूर' यांचीही तीच गत. 'ऱ' तर युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांस भेद दिसत नाही, संख्या मात्र बदलते.

हे विखुरणे भार समान वाटला जावा म्हणून हेतुपुरस्सर केलेले आहे. तो दोष नव्हे. संख्या काढण्यापूर्वी नावाचे प्रमाणीकरण केल्यास 'ऱ'ची अडचण सुटते. 'शोलापूर'ची सुटत नाही, कारण जुन्या ग्रंथाचे नाव बदलण्याचा अधिकार सूचिकारास नाही. त्यास दोन्ही रूपांखाली नोंद करावी लागेल.