पोकळी निर्माण झाली

टीका करायला ग्रंथच लागतो असं काही नाही. आज मी एका श्रद्धांजलीवर टीका करणार आहे. शब्द सव्वाशे, लेखक माझ्या पुतण्याचा मोबाईल.

त्याचं असं झालं. पिंपळनेरात मानपत्रं आणि श्रद्धांजल्या लिहिण्याचा मक्ता गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. मोबदला एक नारळ आणि अर्धा कप चहा. (शालही असते, पण ती सत्कारमूर्तीला.) मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतले सायकलवाले जिभाऊ गेले. संध्याकाळी शोकसभा आणि मला सकाळपासून ताप. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही पडून राहा. मी एआयला सांगतो."

"कुणाच्या आईला?" मी विचारलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्याची बातमी माझ्यापर्यंत अशी तापात पोचली. दोन मिनिटांत मजकूर तयार. जिभाऊ केवळ सायकली दुरुस्त करणारे नव्हते, तर माणसं जोडणारे होते. त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली, वगैरे. टीकाकार म्हणून सांगतो, शुद्धलेखन चोख. विशेषणं इस्त्री करून घडी घातलेली.

सभेला मी मफलर गुंडाळून गेलो. पुतण्यानं खड्या आवाजात वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेल्या जिभाऊंच्या म्हातारीनं मात्र शेजारणीला हळूच विचारलं, "हाऊ कोन माणूस शे वं?"

इतकी नेमकी समीक्षा मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही.

माझा ताप तिथंच उतरला. माणूस कसं लिहितो ते पोराला दाखवावं म्हणून घरी येऊन मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. पोस्टमास्तर गेले : पोकळी. हेडमास्तर निवृत्त झाले : पोकळी. डॉक्टरांची बदली झाली : तीही पोकळीच. गावात मी इतक्या पोकळ्या करून ठेवल्या होत्या की पांझरेचं पाणी त्यातच जिरायला हवं होतं!

पुतण्या हसून म्हणाला, "काका, ते यंत्र माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचतं आणि कुठल्या शब्दामागं बहुधा कुठला शब्द येतो, याचा अंदाज बांधत जातं."

म्हणजे तीस वर्षं मी दुसरं काय करत होतो? फक्त मला वीज लागत नव्हती, चहा लागत होता.

रात्री झोप आली नाही. बहिणाबाई आठवल्या. असोद्यात जन्मलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी मुलगा सोपानदेवसारख्या घरच्या माणसांनी टिपून घेतली, आणि ती गेल्यावर १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. हात दुसऱ्याचा होता. पण म्हणून ती गाणी दुसऱ्याची आहेत, असं म्हणायची खानदेशात कुणाची छाती नाही. तेव्हा लिहून घ्यायला यंत्र ठेवलं तर माझी हरकत नाही. खुद्द व्यासांनी लेखनिक ठेवला होता! गणपतीची अट होती, मध्ये थांबायचं नाही. यंत्र ती आनंदानं पाळील. पण व्यासांचीही एक अट होती : अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. ही अट यंत्राला घालायची कुणी? आम्ही ती स्वतःलाच कधी घातली नव्हती.

सकाळी वही घेऊन आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, "आक्का, तुम्ही सांगा." त्या बोलत गेल्या. जिभाऊ दुसऱ्याच्या वरातीतही कडेला उभ्या सायकलचं चाक दाबून बघत. परीक्षेला निघालेल्या पोरीकडून पंक्चरचे पैसे घेत नसत. शिव्या मात्र भरपूर देत, वेळेवर का निघत नाही म्हणून. आणि चहात साखर कमी पडली की म्हणत, "हवा कमी शे."

मी लिहिलं. सवयीनं मध्ये एक 'दिलदार' पडला, तो आक्कांनी खोडायला लावला. मग सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हां. हाऊ आमना शे."

त्या मजकुरात पोकळी हा शब्द कुठंच नव्हता. ती ओट्यावर, आमच्या दोघांच्या मध्ये होती.