सूत्रे गळाली कुठे?

गणिताची टिपणे संगणकावर सुबक जुळवण्यासाठी अनेक जण लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ प्रणाली वापरतात. ही टिपणे वेबपानांवर आणण्यासाठी निकोस ड्राकोस यांनी इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९९३च्या सुमारास ‘लाटेक-टू-एचटीएमएल’ रचले. तेव्हाच्या ब्राउझरना वर्गमुळाचे चिन्हही नीट मांडता येत नसे. म्हणून अवघड सूत्रांची चित्रे करण्याची युक्ती त्यात योजली आहे.

युक्ती चतुर, पण साखळी लांब. सूत्रे ‘इमेजेस.टेक’ या फाइलमध्ये गोळा होतात. लाटेक ती जुळवते, ‘डीव्हीआयपीएस’ त्यांचे पोस्टस्क्रिप्ट करते आणि ‘घोस्टस्क्रिप्ट’ त्यावरून चित्रे काढते. एक कडी निसटली की मजकूर शाबूत, सूत्रे गायब! अशा वेळी ‘इमेजेस.टेक’ स्वतंत्रपणे लाटेकमधून चालवावी आणि ‘इमेजेस.लॉग’मधली पहिली चूक वाचावी. तिथे चूक नसेल, तर दोष पुढच्या कड्यांत शोधावा. टप्प्याटप्प्याने अशी तपासणी करता येते, हा या साधनाचा मोठा गुण आम्ही मानतो.

मूळ उणीव मात्र वेगळी आहे. सूत्र हे पानावरची सजावट नसून वाक्याचाच भाग असते. ‘म्हणून … हे सिद्ध झाले’ एवढेच उरले, तर विद्यार्थ्याने काय शिकावे? चित्रामागे लाटेकचे मूळ लेखन पर्यायी मजकूर म्हणून ठेवलेले असते, पण ते नवख्याला कळत नाही.

सूत्र मजकूर म्हणूनच लिहिणारी ‘मॅथएमएल’ भाषा १९९८मध्ये प्रमाण ठरली. क्रोम ब्राउझरने ती २०२३मध्ये पुन्हा स्वीकारली. नवी टिपणे त्याच वाटेने न्यावीत, असे आम्ही सुचवतो. जुनी पाने मात्र प्रत्येक सूत्र डोळ्यांनी पाहूनच वर्गात द्यावीत.