मदरशाचें मूळ आणि इजाजतपत्रांचा पुरावा

जॉर्ज मॅक्दिसी यांचा 'दि राइज ऑफ कॉलेजेस' हा ग्रंथ इ. स. १९८१ मध्यें एडिंबरो येथून प्रसिद्ध झाला. इस्लामी विद्यापद्धतीच्या इतिहासावर लिहूं इच्छिणाऱ्या कोणासहि त्यास वगळून पुढें जातां येत नाहीं, इतका त्याचा अधिकार आतां मान्य झालेला आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या दप्तरांत अरबी-फारसी हस्तलिखितें आहेत. तीं ज्या संस्थांत वाचलीं व शिकविलीं गेलीं त्यांच्या घटनेचा विचार ह्या ग्रंथांत असल्यामुळें त्याचें परीक्षण येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं. आम्ही संस्कृताचे अभ्यासक. अरबी ग्रंथांशीं आमचा परिचय भाषांतरांच्या द्वारें. तथापि ग्रंथकर्त्यानें उभारलेलीं अनुमानें पारखण्यास न्यायशास्त्राचा थोडा संस्कारहि पुरेसा होतो.

ग्रंथाचा सर्वांत भक्कम भाग वक्फासंबंधीं आहे. मदरसा म्हणजे अशअरी मताच्या प्रसारार्थ सेल्जुक सत्तेनें चालविलेली संस्था, ही समजूत गोल्डत्सीहरसारख्या थोर पंडिताच्या लेखणीमुळें दीर्घकाल रूढ होती. मॅक्दिसींनीं १९६१ मधील एका लेखांत तिला पहिला धक्का दिला व ह्या ग्रंथांत ती पार उखडून टाकिली. मदरसा हें एका व्यक्तीनें स्वतःच्या मालमत्तेंतून केलेलें धर्मदान होय. शिक्षक कोणत्या मताचा असावा, मुतवल्ली कोणी व्हावें, विद्यार्थ्यांच्या निर्वाहास काय मिळावें, हें सर्व दात्याच्या अटींवर अवलंबून. आणि शरियतीस विरोध नसेल तोंवर त्या अटी कायद्यासारख्या बंधनकारक. मुख्य विषय धर्मशास्त्र, म्हणजे फिक्ह. ग्रीकांकडून आलेल्या विद्यांना दानपत्रांत स्थान नसे. त्या ज्यानें त्यानें खासगी रीतीनें शिकाव्या.

सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क यानें बगदादेस बांधलेली निजामिया इ. स. १०६७ मध्यें उघडली, त्या प्रसंगाची हकीकत मोठी बोधक आहे. मुख्याध्यापक म्हणून नेमलेले अबू इसहाक शीराजी त्या दिवशीं आलेच नाहींत. इमारतीचें सामान लोकांकडून बळकावलेलें आहे, असें त्यांच्या कानीं आलें होतें. सारी सभा ताटकळत बसली. शेवटीं इब्न अस्सब्बाग यांस पाठावर बसवावें लागलें, आणि वीस दिवसांनंतर शीराजींची समजूत पडून ते आले. वजिराच्या पैशापेक्षां पंडिताच्या नकाराचें वजन अधिक होतें, हें ह्यावरून उघड दिसतें. सरकारी शाळेंत असें घडत नाहीं.

मशीद, मशिदीस जोडलेला परदेशी विद्यार्थ्यांचा खान, आणि मग मदरसा, अशा तीन पायऱ्या ग्रंथकर्त्यानें लाविल्या आहेत. दुसऱ्या पायरीसाठीं इ. स. १०१४ त मृत झालेल्या बद्र इब्न हसनवैह याच्या दानांचा दाखला दिला आहे. हा जिना आम्हांस जरा अधिकच सरळ वाटतो. निशापुरांत निजामुल्मुल्काच्या कितीतरी पूर्वींपासून मदरसे होते, हें बुलियट यांनीं १९७२ मध्येंच दाखविलें आहे. बगदादचा क्रम तो सर्व मुलखाचा क्रम असें धरून चालण्यास आधार नाहीं.

खरा वाद पुढें आहे. मदरशांत वादविवादाची विद्या परिपक्व झाली. एका प्रश्नावरील भिन्न मतें जुळवून त्यांचा निर्णय करण्याची ही पद्धति, तसेंच दानावर चालणारें विद्यालय व अध्यापनाची अनुज्ञा, हीं युरोपानें मुसलमानांपासून उचललीं असावींत, अशी मॅक्दिसींची धारणा. तिच्या पुष्टीसाठीं पॅरिस येथील 'अठरांचें विद्यालय' पुढें केलें आहे. तें इ. स. ११८० मध्यें जेरुसलेमच्या यात्रेहून परतलेल्या लंडनच्या एका गृहस्थानें स्थापिलें. तो पूर्वेकडे गेला होता, म्हणून त्यानें मदरसा पाहिला असेल! परंतु जेरुसलेम इ. स. १०९९ पासून ११८७ पर्यंत ख्रिस्ती राजांच्या ताब्यांत होतें. ११८० मध्यें त्या शहरांत चालता मदरसा असण्याचा संभव नाहीं. सलाहुद्दीनानें तेथें आपला मदरसा स्थापिला तो शहर परत घेतल्यानंतरचा. यात्रेकरूनें दिमिष्कासारख्या ठिकाणची वार्ता ऐकली असेल, हें शक्य. पण शक्यतेवर इतकी मोठी इमारत उभी राहत नाहीं.

वादपद्धतीविषयींहि तेंच. आमच्या न्यायशास्त्रांत वाद, जल्प व वितंडा हे कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मीमांसेच्या प्रत्येक अधिकरणांत संशय, पूर्वपक्ष व निर्णय येतात. मुसलमानी जदल व मुनाजरा यांच्याशीं हें इतकें जुळतें कीं, एखाद्यानें दोहोंचें कोष्टक मांडून दाखवावें. म्हणून बगदादच्या फकीहांनीं गौतमाचीं सूत्रें वाचलीं होतीं काय? जेथें लिखित धर्मवचनें प्रमाण मानिलीं जातात आणि तीं परस्परविरुद्ध दिसतात, तेथें हा मार्ग आपोआप सुचतो. सादृश्य हा हेतु व्यभिचारी आहे. त्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. मदरशाची वास्तु व वादपद्धति हीं मध्य आशियांतील बौद्ध विहारांवरून आलीं, असें बेकविथ यांनीं २०१२ मधील आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे; त्यांच्या फार पूर्वीं बार्टोल्ड यांनींहि विहाराकडे बोट दाखविलें होतें. बल्खच्या नवविहाराचें नांव निघालें कीं आमच्याकडील लेखकांना आनंदाचें भरतें येतें, आणि मॅक्दिसींना कसून प्रश्न विचारणारे तेच गृहस्थ बेकविथांपुढें मान डोलवितात. हा न्याय नव्हे. चौकोनी अंगण व भोंवतीं खोल्या हा आराखडा धर्मशाळेलाहि असतो. विजापूर जिल्ह्यांतील साळोटगी येथील शके ८६७ च्या लेखांत राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मंत्री नारायण यानें बांधलेली शाळा, देशोदेशींचे विद्यार्थी व त्यांच्या योगक्षेमासाठीं जमिनी हें सर्व आहे. त्यास वक्फनाम्याशेजारीं ठेविलें असतां दोन भाऊच भासतील. तरी त्यांचें नातें कोणी सिद्ध केलेलें नाहीं, आणि तें नसल्यानें साळोटगीच्या लेखाची किंमत कमी होत नाहीं.

आतां ग्रंथांतील ज्या भागाचा आमच्या वाचकांशीं निकट संबंध आहे त्याकडे वळतों. इजाजत ही संस्था देत नसे, गुरु देई. हें मॅक्दिसींनीं निःसंदिग्धपणें मांडिलें आहे. विद्यार्थी निजामियेचा पदवीधर नसे; तो अमुक शेखापासून अमुक ग्रंथ शिकला, आणि त्या शेखाची परंपरा ग्रंथकर्त्यापर्यंत पोंचली, एवढेंच महत्त्वाचें. वेदाच्या शाखा सांभाळणाऱ्या आमच्या घराण्यांना हें नवीन नाहीं. असें असतां ग्रंथाचें नांव विद्यालयांच्या उदयावर ठेवणें, ह्यांतच एक विसंगति आहे. इमारतीपेक्षां माणूस मोठा होता तर इतिहास इमारतींचा कां?

ही विसंगति पुढील अभ्यासकांनीं पकडली. बर्की यांनीं १९९२ मध्यें कैरोविषयीं व चेंबरलेन यांनीं १९९४ मध्यें दिमिष्काविषयीं लिहितांना मदरसा हें विद्येचें केंद्र असण्यापेक्षां वेतनें व मालमत्ता सांभाळण्याचें साधन अधिक होतें, असें दाखविण्याचा प्रयत्न केला. चेंबरलेन ह्यांत अति करतात, असें आमचें मत आहे. वेतनासाठीं झगडणारा पंडित त्यामुळें पंडित राहत नाहीं असें नव्हे. परंतु त्या दोघांहून अधिक वजनदार पुरावा हस्तलिखितांच्या पानांवर आहे. अरबी पोथीच्या आरंभीं किंवा अखेरीस समाअ म्हणून टिपा असतात. ग्रंथ कोणापुढें वाचला, वाचक कोण, कोणत्या तारखेस, कोणत्या जागीं, आणि ऐकावयास कोण कोण होते, हें सर्व त्यांत नांवनिशीवार लिहिलेलें असतें. हिजरी ५५० ते ७५० ह्या दोन शतकांतील दिमिष्कच्या अशा टिपांचा कोश लेडर, सव्वास व सागर्जी यांनीं १९९६ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत पंडितांबरोबर कारागीर, स्त्रिया, लहान मुलें व गुलाम यांचीं नांवें येतात. मदरशाच्या दानपत्रावरून जो वर्ग आपणांस कधींच दिसला नसता, तो पोथीच्या कोऱ्या जागेंत बसलेला आहे. संस्कृत पोथीच्या पुष्पिकेंत लेखक, शक, गांव व क्वचित् मालक आढळतो. श्रोत्यांची यादी आढळत नाहीं. ह्या बाबतींत अरबी पोथी आमच्या पोथीपेक्षां श्रीमंत आहे, हें मोकळेपणीं मान्य केलें पाहिजे.

मॅक्दिसींचा भर चरित्रकोश व धर्मशास्त्राचे ग्रंथ ह्यांवर आहे. टिपांचा उपयोग ते क्वचित्च करतात. आणि हिंदुस्थान त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. त्यामुळें आमच्या दारांतील बीदरचा मदरसा अद्याप नुसत्या वर्णनांवरच जगतो. गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गवान यानें तो बांधिला. कुराणांतील एका वाक्यखंडाच्या अक्षरांची बेरीज हिजरी ८७६, म्हणजे इ. स. १४७१-७२, येते. इमारत २०५ फूट लांब व १८० फूट रुंद, तीन मजली. गवानास इ. स. १४८१ मध्यें त्याच्या धन्यानेंच मारविलें, आणि १६९६ मध्यें दारूच्या स्फोटानें मदरशाचा बराच भाग उडाला. शेरवानी यांचें गवानचरित्र १९४२ चें व यज्दानी यांचा बीदरवरील ग्रंथ १९४७ चा. दोन्हीं परिश्रमाचीं कामें. परंतु त्यांच्या आधारें लिहिणारे मागाहूनचे लेखक बीदरला विद्यापीठ म्हणून मोकळे होतात, हें आम्हांस मान्य नाहीं. विद्यापीठ ही स्वतंत्र हक्क असलेली पंडितांची श्रेणी. ती युरोपांत निघाली, मदरशांत नव्हती, हा मॅक्दिसींचाच सिद्धांत आहे व तो अभेद्य आहे. बीदरेस कोणी शिकविलें, काय शिकविलें व कोण ऐकावयास बसले, हे प्रश्न निळ्या-पिवळ्या कौलांच्या वर्णनानें सुटणारे नाहींत.

ते सुटले तर पोथ्यांनीं सुटतील. गवानाच्या ग्रंथालयांत तीन हजार ग्रंथ होते असें सांगतात. ते पांगले असले तरी त्यांतील कांहीं दक्खनेंतच कोठेंतरी असण्याचा संभव आहे. आम्हीं एका खासगी संग्रहांत पाहिलेल्या अरबी पोथीस नवें मलपृष्ठ चढवितांना बांधणारानें पहिलें व शेवटचें पान मळकट म्हणून काढून टाकिलें होतें, आणि कडेवरील मोहोरा छाटल्या होत्या. मालकास पोथी आतां स्वच्छ दिसते ह्याचें समाधान होतें. ज्यांच्याजवळ अशीं पुस्तकें असतील त्यांनीं बांधणीपूर्वीं आद्यन्त पानें, कोरी वाटणारीं धरून, छायाचित्रांत घेऊन ठेवावीं, आणि त्यांवरील नांवें, तारखा व स्थलनामें उतरून मंडळाकडे पाठवावीं. लिपि लागत नसल्यास तसेंच कळवावें, वाचणारे आहेत.