दोन वेगांचे एक स्थानक

रेल्वेचे स्थानक ही सार्वजनिक कृती आहे आणि म्हणून तिचेही परीक्षण व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते. बेळगावच्या पुनर्विकसित स्थानकाचे उद्घाटन २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. त्यासाठी सुमारे १९० कोटी रुपये खर्च आला. तेव्हापासून या वास्तूविषयी पुष्कळ बोलले गेले, परंतु ते बहुतांशी दर्शनी भागाविषयी. मुखपृष्ठावरून ग्रंथाची योग्यता ठरवू नये, हा नियम येथेही लागू करावा.

जेथे जलद आणि साध्या अशा दोन्ही गाड्या येतात, त्या स्थानकाची खरी कसोटी या दोहोंच्या सांध्यावर लागते. हा सांधा आपल्या जुन्या घराण्यांना अपरिचित नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा प्रदेश मीटर गेजने जोडला. पुढे १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, परंतु मिरजेच्या दक्षिणेचा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिला. या मधल्या काळात पुण्यामुंबईस जाणाऱ्या बेळगावकरास मिरजेस ट्रंका-वळकट्या उतरवून गाडी बदलावी लागे. एक गाडी चुकली की दुसरीचा उपयोग शून्य, हा धडा त्या पिढीने फलाटावरच घेतला.

जगातही हा प्रश्न दोन रीतींनी सोडविला गेला. जपानने १९६४ साली अतिवेगवान गाडीसाठी निराळ्या रुंदीचा स्वतंत्र मार्ग बांधला. फ्रान्सची १९८१ पासूनची अतिवेगवान गाडी मात्र जुन्या रुळांवरूनही धावू शकते आणि शहरातील जुन्या स्थानकांत येते. त्याच फ्रान्समध्ये १९९४ साली ओत-पिकार्दी येथे भर शेतात एक स्थानक उभारले गेले. साध्या रेल्वेमार्गाशी त्याची सांगड नव्हती. लोकांनी त्यास ‘बीटाचे स्थानक’ असे नाव दिले. लोकांनी दिलेले असे नाव हेही एक परीक्षणच होय.

बेळगावास लाभलेली रीत दुसरी, म्हणजे एकाच रुळांची. १६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे-हुबळी आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूर-बेळगाव या वंदे भारत गाड्यांना हिरवा झेंडा दाखविण्यात आला. या गाड्या सुखकर आहेत, यात शंका नाही. परंतु शब्दांच्या बाबतीत साहित्यसंस्थेने काटेकोर असावे. जगात अतिवेगवान म्हणजे नव्या मार्गावर ताशी २५० आणि सुधारलेल्या जुन्या मार्गावर २०० किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी. पुणे-हुबळी हे ५५८ किलोमीटरचे अंतर आपली गाडी सुमारे साडेआठ तासांत कापते, म्हणजे सरासरी ताशी ६६ किलोमीटर. तिला जलद म्हणावे, त्याहून मोठे विशेषण लावू नये.

आमच्या मते या स्थानकाचा खरा आशय इमारतीबाहेर, रुळांवर आहे. त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचेही लोकार्पण झाले. त्याचा खर्च सुमारे ९३० कोटी, म्हणजे इमारतीच्या जवळजवळ पाचपट. त्याची छायाचित्रे कोणी काढीत नाही. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावे लागे आणि ते थांबणे बहुधा पॅसेंजरच्या वाट्याला येई. दुहेरी मार्गाने हे थांबणे संपते. मागून येणाऱ्या जलद गाडीस वाट देण्याचे मात्र उरते. म्हणजे पॅसेंजर वेळेवर धावण्याची सोय झाली आहे. ती तशी धावते की नाही, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या इच्छेवर आहे.

मच्छे येथून पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. गावाजवळचे स्थानक देसूर. बंगळूरची जलद गाडी देसूरवरून जाते, तेथे थांबत नाही. ती थांबावी, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक गावी थांबणारी गाडी जलद राहत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, मच्छे येथील कारखान्यांत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात येणारा माणूस असो किंवा खानापूरकडचा शेतकरी असो, त्याला पहाटेच्या जलद गाडीपर्यंत पोचविणारी आणि रात्री तिच्यातून उतरल्यावर घरी नेणारी साधी गाडी हाही त्याच सेवेचा भाग मानावा. त्यावाचून वेगाचा लाभ रिक्षाचे भाडे परवडणाऱ्यापुरता उरतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याकडची जलद गाडी सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, बंगळूरची सहा दिवस. सीमाभागातील घरांचे व्यवहार दोन्ही दिशांना आहेत. सोयरीक सांगली-सातारा-पुण्याकडे, तर मुलांच्या नोकऱ्या बंगळूरकडे. आम्हांस एकीचे दिवस कमी करून दुसरीचे वाढवावयाचे नाहीत. दोन्ही वाटा सारख्या मोकळ्या असाव्यात, ही मागणी कोणत्याही भाषेच्या विरोधात जात नाही.

इमारत चांगली झाली, रूळ त्याहून चांगले झाले. आता वेळापत्रक तितके चांगले व्हावे. देसूरच्या फलाटावरील प्रवाशास बेळगावची गाडी मिळू लागली की या कृतीस आम्ही पूर्ण म्हणू.