एका दिवसाचा प्रश्न

१

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौदा जण वारज्याच्या उड्डाणपुलाखाली टेम्पो ट्रॅव्हलरची वाट पाहत उभे होतो. सुट्टीच्या दिवसांत त्या पुलाखाली असे घोळके नेहमीच दिसतात. बॅगा, पाण्याचे कॅन, चिवड्याचे डबे, झोपेत चालणारी मुले. कोल्हापूरला अंबाबाई, मग जोतिबा, पन्हाळ्यावर मुक्काम आणि परत, असा आमचा बेत होता. पुतण्याने हौसेने सगळ्यांसाठी किरमिजी रंगाचे टी-शर्ट छापून आणले होते. पाठीवर आमचे आडनाव, खाली ‘परिवार’ आणि वर्ष.

तेरा जणांनी टी-शर्ट घातले. माझी सून साध्या निळ्या कुर्त्यात आली. लग्नानंतर तिने आडनाव बदललेले नाही. ते तिने लग्नाआधीच सांगितले होते आणि आम्ही सर्वांनी मान्यही केले होते. थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला पस्तीस वर्षांपासून कळते. मी सुनेजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “घाल ना गं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

ती म्हणाली, “आई, एका दिवसाचाच प्रश्न असेल, तर मी तो न घालण्याचाही एका दिवसाचाच प्रश्न आहे ना?”

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने कानात इअरफोन घातले.

गाडी खंबाटकी घाट उतरेपर्यंत माझ्या लक्षात आले की, ते वाक्य माझे नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच जोतिबाच्या पायऱ्यांवर, भर उन्हात, नऊवारीचा काष्टा सावरत आणि डोक्यावरचा पदर घट्ट धरून मी चढत होते. मला नऊवारीची सवय नव्हती, घाटात दोनदा उलटी झाली होती. निदान गाडीत तरी साधी साडी नेसू का, असे विचारल्यावर नणंदबाई म्हणाल्या होत्या, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” तेव्हा माझे पती खिडकीबाहेर उसाचे मळे पाहत होते.

मराठी साहित्य शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे घरात काही अडले की मी पुस्तकांकडे जाते. सासरच्या माणसांबरोबरचा प्रवास आपल्या लेखनात आणि चित्रपटांत कसा आला आहे, हे मी या वर्षभरात पुन्हा तपासले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडते आहे.

२

पहिली गोष्ट ही की, असा प्रवास आपल्याकडे फार थोडा लिहिला गेला आहे. बाईच्या प्रवासाची आपली ठरलेली वाट सासरहून माहेरी जाते. आमच्या वारज्याहून चांदणी चौक ओलांडला की मुळशीचा रस्ता लागतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ज्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून घेतल्या, त्यांत मुळशीच्या खेड्यांतल्या बायकांचा वाटा मोठा आहे. या ओव्यांत भाऊ सणाला न्यायला येतो, वाटेकडे डोळे लागतात, सासूचा बोल लागतो. सण म्हणजे माहेर, हे त्या जगाचे गणित होते. दिवाळीला लेक माहेरी यायची आणि जावई दिवाळसणाला. सासरसोबत जायचे ते देवाला. नव्या जोडप्याने कुलदैवताला जायचे, जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून काही पायऱ्या चढायच्या, बाकीच्यांनी मागून हसत यायचे. म्हणजे नव्या सुनेची पहिली ‘सहल’ तिच्या सासरच्या कुळाशी तिची गाठ घालून देण्यासाठीच असे.

आजची कौटुंबिक सहल या देवदर्शनाचीच लेक आहे. मध्ये पन्हाळा आला, रिसॉर्ट आले, पोहण्याचा तलाव आला. पण गाडीत बसताना कुणी कुठे बसायचे, पहाटे चहाची तजवीज कुणी पाहायची, फोटोत कुणी कसे दिसायचे, हे नियम जुनेच आहेत. त्यांना आता ‘हौस’ म्हणतात, एवढाच फरक. हौसेला नकार देणे नियमाला नकार देण्याहून अवघड असते, कारण नियम मोडणारी बंडखोर ठरते आणि हौस मोडणारी माणूसघाणी.

३

या विषयावर मला सर्वांत जास्त शिकवले ते रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने. ते सहसा आदर्श दांपत्याचे चित्र म्हणून वाचले जाते. मी या वेळी ते मुक्कामांच्या क्रमाने वाचले. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायकांचा गोतावळा आहे. तिथे रमाबाईंच्या शिकण्याला विरोध आहे, टोमणे आहेत, अबोला आहे. 1878 मध्ये न्यायमूर्तींची बदली नाशिकला झाली आणि पुस्तकाचा श्वास मोकळा होतो. तिथे रमाबाई वाचतात, घर चालवतात, हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र आणतात, चारचौघांत बोलायला धजतात. पुढे माधवरावांच्या फिरतीच्या नोकरीत त्या सोबत हिंडतात, तेव्हाही असेच होते. पुण्यात परतले की पुन्हा तेच. एकच बाई, एकच नवरा, एकच पुस्तक, आणि मुक्काम बदलला की माणूस बदलल्यासारखे दिसते.

यावरून सोपा निष्कर्ष निघेल की सासरपासून दूर गेले की बाई सुटते. रमाबाईंचे पुस्तक इतके सोपे नाही. त्यातली खरी गाठ माधवरावांपाशी आहे. बायकोने शिकावे, इंग्रजी बोलावे, सभेला जावे, हा आग्रह त्यांचा. त्या आग्रहाबद्दलचा घरातला राग मात्र रमाबाईंच्या वाट्याला येतो. वडीलधाऱ्या बायका रमाबाईंना ऐकवतात, माधवरावांना नाही. आणि माधवराव पत्नीला काय सांगतात? सहन कर, उलट उत्तर देऊ नकोस. रमाबाई हे कृतज्ञतेने नोंदवतात, त्यात नवऱ्याचे थोरपण पाहतात. त्यांच्या कृतज्ञतेवर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण वाचक म्हणून मला त्या पानांत एक त्रिकोण दिसतो. भांडण दोन बाजूंच्या बायकांत चाललेले दिसते, आणि ज्याच्यामुळे ते सुरू झाले तो तिसरा माणूस दोन्हीकडून आदर मिळवत शांत बसलेला आहे.

माझ्या गाडीतला खिडकीबाहेर पाहणारा आणि इअरफोन घालणारा, हे दोघेही मला त्या त्रिकोणात सापडले. माधवरावांशी त्यांची तुलना करण्याचा हेतू नाही. एवढ्या मोठ्या सुधारकालाही जे जमले नाही, ते आमच्या घरच्या साध्या माणसांना जमेल, असे मी गृहीत धरले होते, एवढेच.

४

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे 1985 सालचे नाटक सहलीचे नाही. ते मरणघरातले आहे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर पत्नी अंजलीला घेऊन उशिरा येतो. तरीही मी ते या चर्चेत आणते, कारण मोजक्या दिवसांसाठी एकत्र आलेले कुटुंब हाच त्याचा गाभा आहे, आणि शहरात राहणारी सून त्या दिवसांत कशी तोलली जाते, हे त्यात चोख दिसते.

एलकुंचवारांनी एक मोठे काम केले आहे. त्यांनी दोन सुना समोरासमोर ठेवल्या. अंजली चार दिवस राहून जाणारी. वहिनी आयुष्यभर राहिलेली. अंजलीच्या बाजूने पाहिले तर वाडा जाचक वाटतो. वहिनीच्या बाजूने पाहिले तर अंजलीचे मोकळेपण फुकटचे वाटते, कारण ती निघून गेल्यावरही चूल पेटवायची ती वहिनीलाच. रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून वहिनी नवऱ्यासमोर उभी राहते, त्या प्रसंगाने मला माझ्या थोरल्या जाऊबाई दाखवल्या. ज्या घराने तिला वाकवले, त्याच घराचे वैभव एकदा तरी अंगावर घालायची तिची इच्छा हास्यास्पद नाही. टी-शर्टकडे पाहताना जाऊबाईंना जे वाटले असेल, ते मला या प्रसंगातून उमगले. त्यांनी पस्तीस वर्षे ते आडनाव कमावले आहे. एक मुलगी ते सहज बाजूला ठेवते, तेव्हा त्यांना त्यात आपल्या कष्टांची किंमत शून्य झाल्यासारखे वाटते.

म्हणजे प्रश्न सासू विरुद्ध सून असा नाहीच. किंमत मोजून राहिलेली आणि किंमत न मोजता राहू पाहणारी, यांच्यातला तो आहे. हे नाटक दोघींपैकी कुणालाही खलनायिका करत नाही. शिवाय त्यात पुरुष रंगमंचावर आहेत. सुधीर आणि भास्कर यांचे दुबळेपण प्रेक्षकांपासून लपत नाही.

५

आता अलीकडचे उदाहरण. हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ 2021 मध्ये आला आणि ‘झिम्मा 2’ 2023 मध्ये. पहिल्या चित्रपटात घरच्यांना मागे ठेवून बायका इंग्लंडच्या सहलीला जातात. हा काही निव्वळ कल्पनाविलास नव्हता. ‘केसरी’ने ‘माय फेअर लेडी’ नावाने आणि पुढे ‘वीणा वर्ल्ड’ने ‘वुमन्स स्पेशल’ म्हणून केवळ बायकांच्या सहली लोकप्रिय केल्या होत्या. बायकांच्या वेगळ्या, ज्येष्ठांच्या वेगळ्या, नवविवाहितांच्या वेगळ्या. सहल कंपन्यांच्या या जाहिराती मला मराठी कुटुंबाविषयीचा एक प्रामाणिक दस्तऐवज वाटतात. सगळे एकत्र गेले की कुणालातरी सुट्टी मिळत नाही, हे समाजशास्त्रज्ञांच्या आधी व्यापाऱ्यांनी ओळखले.

‘झिम्मा 2’ने धाडस केले ते असे की, सुनेपासून सुटका म्हणून नव्हे तर सुनेला सोबत घेऊन निर्मला सहलीला निघते. निर्मिती सावंत यांची सासू आणि रिंकू राजगुरू यांची सून या दोघींमधली तेढ चित्रपटात गमतीने आणि काही ठिकाणी मनापासून येते. सावंत यांच्या चेहऱ्यावर सासूचे वर्चस्व आणि तिची भीती एकाच वेळी दिसतात, हे त्यांचे श्रेय. पण चित्रपटाची सोय तिथेच सुरू होते. सहल बायकांची असल्यामुळे मुलगा घरी राहिला आहे. दोघींनी एकमेकींना समजून घेतले की प्रश्न मिटणार, हे आधीच ठरून गेले. तळ्याकाठी मन मोकळे होते, डोळे भरतात, मिठी मारली जाते. मला तो प्रसंग आवडला, रडूही आले. मग घरी परतल्यावर वाटले, विमानतळावर न्यायला येणाऱ्या मुलाला यातले काय कळेल? तो दोन्ही बॅगा उचलेल आणि विचारेल, “काय मग, मजा आली ना?”

झिम्मा हा मंगळागौरीतला टाळ्यांचा खेळ. दोघींची लय जुळली की तो रंगतो. सासू-सुनेच्या नात्यासाठी ही प्रतिमा गोड आहे, पण अपुरी आहे. घरातली लय दोघींच्याच टाळीवर ठरत नाही.

६

या वाचनातून मी जे समजले ते असे. एकसारखे असण्याला माझा विरोध नाही. ज्येष्ठात पालख्या पुण्यातून जातात तेव्हा मी दरवर्षी पाहायला जाते. वारीत नियम कडक असतात. माळ, आहार, दिंडीतली जागा, सगळे ठरलेले. तरी तिथे सासू आणि सून एकमेकींच्या पाया पडताना मी पाहिल्या आहेत. नियम दोघींनाही सारखाच लागू आहे आणि वाकणेही दोघींचे आहे. कौटुंबिक सहलीतला नियम दिसायला तसाच असतो, पण त्याचे वजन एकाच पाठीवर पडते. आमच्या त्या टी-शर्टने तेरा जणांकडून काहीच मागितले नव्हते. मागितले ते फक्त चौदाव्या व्यक्तीकडून. म्हणूनच तो तेरा जणांना ‘साधा टी-शर्ट’ वाटला.

आणि ‘एका दिवसाचा प्रश्न’ हे वाक्य नेहमी तीच व्यक्ती ऐकते जिचे असे दिवस आधीच बरेच जमलेले असतात. माझ्या अशा दिवसांची बेरीज मी कधी केली नव्हती. कारण ती केली असती तर सुनेला ते वाक्य म्हणताना जीभ अडखळली असती.

त्या सहलीत पुढे विशेष काही घडले नाही. पन्हाळ्यावर सगळ्यांचा फोटो काढताना सून आपणहून कडेला उभी राहू लागली. मी तिला मध्ये ओढले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. किरमिजी रंगात एक निळा ठिपका, पाहुणे हमखास विचारतात.

यंदा कोकणात जायचे घाटते आहे. पुतण्याने कुटुंबाच्या गटावर टी-शर्टचा रंग विचारला. तासभर कुणीच उत्तर दिले नाही. मग मी मुलाला स्वयंपाकघरात बोलावून म्हटले, “या वेळी मी काही सांगणार नाही आणि तीही सांगणार नाही. तुला काय वाटते ते तू लिही.”

तो फोन हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभा होता. मी कुकर लावला. पहिली शिट्टी होईपर्यंत त्याचे लिहून झाले नव्हते, पण इअरफोन कानात नव्हते.