समुद्रतळींचें वेड

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून 'वेड' हा शब्द बहुधा निंदेनेंच उच्चारला जातो. रॉबर्ट कर्सन यांचें 'शॅडो डायव्हर्स' (२००४) हें इंग्रजी पुस्तक वाचतांना आम्हांस त्या शब्दाचा पुन्हां विचार करावा लागला.

अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावरील बिल नेगल हा कप्तान आपल्या 'सीकर' बोटींतून पाणबुड्यांना भाडें घेऊन बुडालेल्या जहाजांवर नेई. तो स्वतःहि नामांकित पाणबुड्या होता. १९५६ सालीं बुडालेल्या 'आंद्रेआ डोरिया' या इटालियन जहाजाची घंटा १९८५ सालीं त्याच्याच मोहिमेनें वर काढली. १९९१ च्या सप्टेंबरांत एका मच्छीमार कप्तानाकडून कळलेल्या जागीं त्यानें पाणबुडे उतरविले, तों सुमारें २३० फुटांखालीं दुसऱ्या महायुद्धांतील एक जर्मन पाणबुडी सांपडली. तेथें अशी बोट बुडाल्याची कोणत्याच दप्तरांत नोंद नव्हती. जॉन चॅटर्टन व रिची कोहलर यांनीं सहा वर्षें खपून १९९७ सालीं ती 'यू-८६९' असल्याचें सिद्ध केलें. तोंवर तीन पाणबुडे प्राणांस मुकले होते. त्यांतील दोघे तर बापलेक.

एवढ्या खोलीवर साधी हवा श्वासावाटे घेतली कीं नत्रवायूची धुंदी चढते, आणि घाईनें वर यावें तर तोच वायु रक्तांत बुडबुडे होऊन जिवावर उठतो. हें शास्त्र कर्सन यांनीं इतकें सुबोध केलें आहे कीं, कधीं नदींतहि न उतरलेल्या वाचकाचा श्वास कोंडावा. परंतु आमच्या मतें पुस्तकाचें खरें मोल दुसऱ्याच एका प्रसंगांत आहे. बोटीचें नांव शोधण्याचा जवळचा मार्ग म्हणजे आंतील मृत खलाशांचे कपडे चाचपणें. चॅटर्टननें तो नाकारला. ज्या वेडाला अशी मर्यादा कळते त्याला आम्ही साधना म्हणूं.

दोन दोष मात्र सांगितले पाहिजेत. ही बोट स्वतःच्याच उलट फिरलेल्या टॉर्पेडोनें बुडाली, या तर्काकडे लेखकाचा कल उघड आहे. त्यावर गॅरी जेंटील यांनीं २००६ सालीं स्वतंत्र पुस्तक लिहून आक्षेप घेतला, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनीं ती बुडविल्याचें श्रेय दोन युद्धनौकांना दिलें. इतिहास लिहितांना कादंबरीचा वेग पत्करला कीं शंकेला जागा उरत नाहीं.

दुसरा दोष आम्हांस अधिक सलतो. नेगल हीच या कथेंतील सर्वांत करुण व्यक्ति. मद्यानें त्याचें शरीर पोखरलें आणि बोटीचें नांव कळण्यापूर्वींच, १९९३ सालीं, तो वारला. दोघां यशस्वी पाणबुड्यांच्या मागें जातांना लेखकानें त्याला वाटेंतच सोडलें आहे. त्याच समुद्रानें एकाला संयम शिकविला आणि दुसऱ्याला किनाऱ्यावर जगणें अवघड केलें, तें कां, हा प्रश्न त्यांनीं विचारावयास हवा होता.

तरीहि हें पुस्तक घरांतील तरुणांच्या हातीं जरूर द्यावें. वडील मंडळींनींहि तें वाचावें, आणि नेगलच्या पानांवर थोडें थांबावें.