प्रोमिथियस आणि ‘प्रमंथ’ची भुरळ

आवर्तसारणीत ६१ व्या क्रमांकावर प्रोमेथियम हे मूलद्रव्य तुम्ही पाहिले असेल. ज्याच्यावरून हे नाव पडले तो प्रोमिथियस ग्रीक पुराणकथेत देवांकडचा अग्नी चोरून माणसांना देतो. नावाचा रूढ अर्थ ‘आधी विचार करणारा’. हेसिओडच्या काव्यात त्याचा भाऊ एपिमिथियस, म्हणजे मागाहून विचार करणारा. पँडोराला स्वीकारून बसल्यावर त्याला अक्कल येते. जोडी इतकी चपखल की शंका यावी. दुसरे नाव पहिल्यावरून बेतलेले दिसते. ग्रीकांनी नावाचा अर्थ काय लावला एवढेच त्यातून कळते.

१८५९ मध्ये जर्मन अभ्यासक आडालबेर्ट कून यांनी हे नाव संस्कृत ‘प्रमंथ’शी, म्हणजे अरणीवर फिरवायच्या दांड्याशी जोडले. आपल्याला ते चटकन पटते, कारण समुद्रमंथन लहानपणापासून ऐकलेले असते. पण मूळ कथा पाहा: प्रोमिथियस लाकूड घासतच नाही, बडीशेपेच्या कुळातल्या एका झाडाच्या पोकळ देठात अग्नी लपवून पळवतो. शिवाय ऋग्वेदाच्या अग्निमंथनसूक्तात (३.२९) या साधनासाठी ‘अधिमंथन’ हा शब्द आहे.

माझ्या मते हिसकावणे या अर्थाचा वैदिक ‘मथ्’ धातू कथेला जास्त जुळतो. मातरिश्वा अग्नीला दूरवरून आणतो तिथे (३.९.५) ‘मथित’ शब्द येतो. त्याचा अर्थ ‘घुसळलेला’ घेतला, तर ‘दूरवरून’चे काय करायचे? अडचण मात्र इथेही आहे: ग्रीक ‘थ’ला संस्कृतात सहसा ‘ध’ मिळतो, ‘थ’ नव्हे.